वेगाची हौस आणि उष्णतेचा जमाखर्च

बारावीचा निकाल आणि अभियांत्रिकीचा प्रवेश यांच्या दरम्यान, साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत संगणकाच्या दुकानांतून जी वर्दळ सुरू असते, तिच्यात ज्याचा प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाच्याही पुढे नेता येईल असाच संगणक हवा, असा आग्रह धरणारी मुले हटकून भेटतात. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. घरच्या खर्चातून कसोशीने बाजूला काढलेली रक्कम हाती घेऊन उभे असलेले वडील त्याला पोरखेळ समजून दुर्लक्ष करतात, किंवा यंत्र बिघडेल या भीतीने त्याला साफ मनाई करतात. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. ही हौस निषिद्ध मानण्याचे कारण नाही. परंतु जो वेग मागतो त्याने विद्युद्दाबाचा आणि उष्णतेचा हिशेब स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गावच्या हवेत, आणि तोही भर उन्हाळ्यात मांडला पाहिजे, आणि तो मांडण्याची विद्या देणे हे आपल्या जिल्ह्यांतील दुकानदारांचे व महाविद्यालयांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या हिशेबाचे मूळ एका साध्या नियमात आहे. प्रोसेसरमधील असंख्य सूक्ष्म स्विचांची उघडझाप होताना जी शक्ती खर्च होते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु विद्युद्दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४ गिगाहर्ट्झवर आणि १.२० व्होल्टवर १०० वॅट खाणारा एखादा प्रोसेसर ४.६ गिगाहर्ट्झवर न्यावयाचा आणि तेथे तो स्थिर राहावा म्हणून त्याला १.३५ व्होल्ट द्यावयाचे, असे उदाहरण घेतले, तर वेग १५ टक्क्यांनी वाढतो, दाब साडेबारा टक्क्यांनी वाढतो, आणि शक्तीचा खर्च १०० वॅटवरून सुमारे १४६ वॅटवर जातो. पंधराची मिळकत आणि शेहेचाळिसाचा खर्च, असा हा व्यवहार आहे. शिवाय आत गेलेली ही सारी वीज अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर येते. आणि चिप जितकी तापते तितकी तिच्यातून निष्कारण झिरपणारी वीजही वाढत असल्यामुळे, उष्णता आणखी उष्णतेला जन्म देते.

विद्युद्दाबाविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे, तिचाही येथेच निरास केला पाहिजे. तासगाव, खटाव, जत यांसारख्या तालुक्यांत विजेचा दाब कधी पडतो, कधी अकस्मात चढतो, हा नित्याचा अनुभव असल्याने घरात स्टॅबिलायझर बसविला म्हणजे व्होल्टेजचा बंदोबस्त झाला असे अनेकांना वाटते. स्टॅबिलायझर किंवा यूपीएस अवश्य असावा; परंतु तो पाहतो तो भिंतीतल्या २३० व्होल्टांचा मामला. संगणकाचा पॉवर सप्लाय त्याचे १२ व्होल्ट करतो, आणि मदरबोर्डवरील नियामक मंडले त्या १२ व्होल्टांचे सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. वरच्या उदाहरणातील १४६ वॅट १.३५ व्होल्टवर वाहून न्यावयाचे म्हणजे १०८ अँपिअरचा प्रवाह झाला. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत अवघा एक मिलिओहम रोध गृहीत धरला तरी दशांश व्होल्टहून अधिक दाब वाटेतच गळतो. ही गळती भरून काढण्याची सोय मदरबोर्डच्या बायोसमध्ये लोडलाइन कॅलिब्रेशन या नावाने असते, आणि नवशिका हटकून ती टोकाला नेऊन ठेवतो. त्यामुळे भार असताना दाब भरदार राहतो खरा, परंतु भार एकाएकी उतरला की तो क्षणभर नेमल्या हद्दीच्या वर उसळतो. असा क्षण पडद्यावरच्या आकड्यांत बहुधा दिसतही नाही, पण चिपला तो सोसावाच लागतो. म्हणून ही सोय मध्यावर ठेवणे आणि बायोसमध्ये लिहिलेल्या आकड्यापेक्षा पूर्ण भाराखाली प्रत्यक्ष मिळणाऱ्या दाबाची नोंद घेणे, हाच शहाणपणाचा शिरस्ता होय.

आता हवेचा विचार करू. पंख्याचा असो वा पाण्याचा, कोणताही सामान्य कूलर चिपला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; तो केवळ हवा आणि चिप यांच्यातील अंतर कमी करतो. हे अंतर दर वॅटमागे ०.३५ अंश आहे असे धरले, तर १४६ वॅटांना चिप हवेपेक्षा सुमारे ५१ अंशांनी अधिक तापेल. महाबळेश्वरी, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, खोलीत २० अंश असतील तर ती ७१ अंश सेल्सिअसवर स्थिरावेल, जरी तेथील विरळ हवा थोडी कमी उष्णता वाहून नेत असली तरी. तोच संगणक, तोच दाब, तोच वेग घेऊन मे महिन्याच्या दुपारी मिरजेच्या किंवा म्हसवडच्या पत्र्याखालच्या खोलीत बसले, जेथे बाहेर पारा चाळिशीच्या घरात असतो आणि पेटीच्या आतली हवा त्याहूनही तप्त असते, तर चिप ९० अंशांच्या पलीकडे जाईल. अलीकडच्या पुष्कळशा प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान आहे, आणि ती गाठली की ते आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला, तो वेग ऐन उन्हाळ्यात हातचा जातो, आणि वाढीव दाबाची झीज व विजेचे बिल मात्र पदरी राहते. शीत प्रदेशात बसून कोणी ठरविलेले आकडे सांगलीच्या संगणकात जसेच्या तसे उतरविणे म्हणूनच अविचाराचे आहे. आणि साताऱ्यासारख्या, एका टोकाला महाबळेश्वर व दुसऱ्या टोकाला माण तालुका असलेल्या जिल्ह्यात तर एका गावचा दाखला दुसऱ्या गावाला लागू पडेल याचीही खातरी नाही. त्यात हळदीच्या पेठेतली पूड आणि साखर कारखान्यांच्या हंगामात उडणारी काजळी कूलरच्या पात्यांत जाऊन बसली, म्हणजे हे ०.३५ अंशही कागदावरच उरतात.

ही हौस कोठून आली तेही पाहण्यासारखे आहे. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की ट्रान्झिस्टर लहान होत जाताना त्याचा दाब आणि प्रवाहही त्याच प्रमाणात घटविला, तर तितक्याच जागेतला शक्तीचा खर्च वाढत नाही. या सिद्धान्ताच्या छायेत पुढली तीन दशके वेग जणू फुकट मिळत गेला. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की पुष्कळदा सहज ४५० वर चालत असे, आणि हौशी मंडळींच्या मनात ओव्हरक्लॉकिंगची जी मोहक प्रतिमा घर करून बसली आहे ती त्या सुबत्तेच्या काळातली आहे. परंतु ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर झिरपणाऱ्या विजेमुळे दाब आणखी उतरविणे अशक्य झाले, २००४ च्या ऑक्टोबरात इंटेलने आपल्या ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत रद्द केला, आणि तेव्हापासून वेगाचा प्रत्येक तुकडा उष्णता मोजून विकत घ्यावा लागत आहे. आजचे प्रोसेसर तर कारखान्यातूनच आपल्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ चालविलेले येतात. माणसाने वर चढविण्यास जागा अशी थोडीच उरलेली असते.

ही हद्द किती अरुंद आहे, याचा दाखला खुद्द निर्मात्यांनीच दिला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याच्या घटना उघड झाल्या, तेव्हा मदरबोर्डांकडून मिळणारा एसओसी विभागाचा दाब १.३ व्होल्टवर रोखणारे नवे बायोस कंपनीला काढावे लागले. पुढच्याच वर्षी इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी गाजल्या. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक दाबाची मागणी करीत होता आणि त्याचे एक कारण मायक्रोकोडमधील, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीतील, चूक हे होते, असे कंपनीने २०२४ च्या जुलैत जाहीर केले, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली, आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. परंतु ज्या चिपा आधीच झिजल्या होत्या, त्या या दुरुस्तीने पूर्ववत झाल्या नाहीत. वाढीव प्रवाहाने व उष्णतेने तारांतील धातूचे अणू हळूहळू जागचे ढळतात, हे जेम्स ब्लॅक यांनी १९६९ सालीच समीकरणात मांडून ठेवले आहे. अतिदाबाने ट्रान्झिस्टरातील निरोधक थरही असाच क्षीण होतो. ज्यांच्या पदरी हजारो अभियंते आणि अद्ययावत प्रयोगशाळा आहेत त्यांच्या हातून जर दाबाचे माप चुकते, तर केवळ एका चित्रफितीच्या आधारे १.४५ व्होल्ट भरणाऱ्या आपल्या मुलाने किती जपून पाऊल टाकावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मग जपून पाऊल टाकावे कसे? कराडच्या आसपासच्या गुऱ्हाळात ज्याने गुळव्याला काहिलीपाशी उभे असलेले पाहिले आहे, त्याला हे पटकन उमगेल: रस लवकर आटावा म्हणून तो जाळ वाटेल तसा वाढवीत नाही, आणि रसाचा रंग व तार पाहिल्यावाचून पुढचा हुकूमही देत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत तो रंग आणि ती तार म्हणजे तापमान आणि भाराखालचा दाब. प्रथम काहीही न बदलता, उन्हाच्या वेळी, पूर्ण भार घालून तासभर यंत्र चालवावे आणि खोलीचे तापमान, चिपचे तापमान, दाब व वॅट एका वहीत लिहावेत. मग एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही लहान पायरीने बदलावी. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा भार, पुन्हा नोंद. नेहमीच्या कामात कमाल तापमानाच्या दहा-पंधरा अंश अलीकडेच थांबावे, कारण आज हिवाळा असेल तर उन्हाळा यावयाचा आहे, आणि आज पेटी स्वच्छ असेल तर धूळ बसावयाची आहे.

माझा खरा आग्रह याच्याही पुढचा आहे. आपल्या हवेत जी कला अंगी बाणवावयाची, ती दाब वाढविण्यापेक्षा दाब उतरविण्याची होय. कारखाना प्रत्येक प्रोसेसरला, त्यातला सर्वांत दुबळा नगही स्थिर राहावा अशा बेताने, काहीसा वाढीव दाब नेमून देतो. आपल्या वाट्याला आलेला नग सरस असेल तर तोच वेग तो कमी दाबावरही पेलतो. १.२० चे १.१० व्होल्ट करता आले, तर वेग तसूभरही न घटता स्विचांच्या उघडझापीचा खर्च सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो, पंखे मंदावतात, आणि जो प्रोसेसर उष्णतेमुळे आपला वेग आवरीत होता तो उलट अधिक काळ वरच्या वेगावर टिकतो. येथेही अतिरेक नको. दाब गरजेपेक्षा खाली गेला की यंत्र नेहमी बंद पडूनच इशारा देते असे नाही. ते चालू राहून एखादा आकडा चुकीचा काढू शकते. खेळाच्या पडद्यावर त्या चुकीने फारसे बिघडत नाही, परंतु पतसंस्थेच्या ताळेबंदात किंवा पुलाच्या आराखड्यात ती शिरली, तर तिचा मागही लागत नाही. म्हणून ज्या यंत्रावर इतरांच्या पैशाचा किंवा सुरक्षिततेचा हिशेब चालतो, त्या यंत्रावर दाबाचे आणि वेगाचे प्रयोग कोणीही करू नयेत, असा नियम मी तरी निरपवाद मानतो.

हे ज्ञान आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. १९१० साली उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच मुलखात. पाटण तालुक्यातल्या कोयनेच्या ज्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प चालतो, ते पाणीही याच मुलखातले. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आले आहे. अशा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एक संगणक, एक तापमापक आणि एक वॅटमापक ठेवून विद्यार्थ्यांना जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा हा एकच प्रयोग करावयास लावला, तर उष्णतेचे वहन, विद्युत्प्रवाहाचे नियम आणि मोजमापातील चिकाटी या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर शिकविल्या जातील. यंत्र आणि विद्युत या दोन शाखांनी तो मिळून घेतला, तर अधिकच उत्तम.

दुकानदारांकडून अपेक्षा याहून सोपी आहे. वाढीव वेगाचा म्हणून जो संगणक ते विकतात, त्याच्यासोबत एक पानाचे पत्रक द्यावे, आणि त्यात चाचणीच्या वेळचे खोलीचे तापमान, पूर्ण भाराखालचा दाब, तासाभरानंतरचे चिपचे तापमान, आणि ओव्हरक्लॉकिंगने निर्मात्याची हमी बाधित होते की नाही, याचा स्पष्ट मजकूर असावा. वातानुकूलित दुकानात घेतलेल्या चाचणीवर तसे लिहावे. आणि पालकांनी, संगणक किती गिगाहर्ट्झचा आहे हे विचारण्याआधी, हे पत्रक मागावे. गिऱ्हाईक जे मागते तेच बाजार शिकतो. मिरज-साताऱ्याच्या उन्हात तासभर पूर्ण भाराने चालूनही जो संगणक आपला वेग आणि आपली उत्तरे ढळू देत नाही, त्यालाच वेगवान म्हणण्याची सवय आपण बाजाराला लावली पाहिजे.