लहान भागधारकाचा दावा कोणी चालवावा?

धान्याच्या घाऊक व्यापारात माल नमुन्यावर विकला जातो. नमुना एक आणि पोत्यात दुसरेच निघाले, तर घेणारा पंचांपुढे जातो व फरक वसूल करतो; ही रीत आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. कंपनीचा ताळेबंद हाही एक नमुनाच होय. त्यावर विसंबूनच सामान्य माणूस समभाग घेतो. तो ताळेबंद खोटा निघाल्यास फरक कोणाकडे मागावयाचा? व्यापाऱ्याच्या घरातील शिल्लक आता शेअर बाजारातही जाऊ लागली असल्याने हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर आला आहे.

आमच्या हैदराबाद शहराने याचा कडू अनुभव घेतला आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबुली दिली की, हिशेबात दाखविलेल्या रोख व बँकेतील शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांस असलेला समभाग त्या दिवशी ४० रुपयांच्या आत बंद झाला. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांस सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती स्थगित झाली. परंतु अपराध्यास शिक्षा झाली म्हणून ठकविल्या गेलेल्याची तूट भरून निघत नाही, हे उघड आहे.

अमेरिकेत निराळे घडले. तेथे एकाच कारणाने नुकसान पावलेल्या सर्वांच्या वतीने थोड्यांना दावा लावता येतो, आणि वकील आपली फी बहुधा वसुलीतूनच घेतो. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचे रोखे घेणाऱ्यांनी असा दावा लावला. २०११ मध्ये कंपनीने १२.५ कोटी डॉलर व हिशेबतपासनिसांनी २.५५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारतात राहून मुंबईच्या बाजारात तोच समभाग घेतलेल्या सामान्य माणसास त्यातील छदामही मिळाला नाही. आपल्या तत्कालीन १९५६ च्या कंपनी कायद्यात भरपाईच्या अशा सामुदायिक दाव्याची तरतूदच नव्हती.

आता ती आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम २४५ जून २०१६ पासून अमलात आले. त्यानुसार शंभर भागधारक एकत्र येऊन कंपनी, संचालक व हिशेबतपासनीस यांजकडून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागू शकतात. बँकिंग कंपन्यांना मात्र हे कलम लागू नाही, ही त्यातील मोठी उणीव होय.

यावर काही जाणते गृहस्थ म्हणतात की, कंपनीने भरपाई दिली तर ती आजच्या भागधारकाच्याच खिशातून जाणार. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दाव्याचा रोख कंपनीच्या तिजोरीपेक्षा ज्या संचालकाने खोटे लिहिले व ज्या तपासनिसाने डोळे मिटून सही केली, त्यांजवर असावा. खोडसाळ दाव्यांची भीतीही दाखविली जाते. परंतु तसा अर्ज फेटाळून एक लाख रुपयांपर्यंत खर्च बसविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे.

खरी अडचण खर्चाची आहे. वसुलीतील हिस्सा ठरवून काम घेण्यास आपल्याकडील वकिलांना मनाई आहे. दहा-वीस हजार गमावलेला मनुष्य लाखांचा खर्च कोठून करणार? येथे एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. सात वर्षे न मागितलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो. आणि न्यायाधिकरणाने मंजूर केल्यास सामुदायिक दाव्याचा कायदेशीर खर्च याच निधीतून परत मिळू शकतो. म्हणजे आपल्याच विसरलेल्या पैशातून आपली दाद लागू शकते. तथापि हा पैसा मागाहून मिळतो. आरंभी हात सैल सोडणारा कोणीतरी हवाच.

तो आपला संघ का नसावा? शंभर सह्या जमविणे एकट्यास कठीण, संघास सहज शक्य आहे. सबब माझी सूचना अशी की, संघाने सभासदांतून एक लहान समिती नेमावी, प्राथमिक खर्चासाठी वर्गणीतून अल्प रक्कम बाजूस ठेवावी, आणि प्रत्येक घराने समभाग खरेदीच्या चिठ्ठ्या व तारखा जपून ठेवाव्यात. खोट्या वजनाविरुद्ध बाजार एक होतो. खोट्या ताळेबंदाविरुद्धही त्याने एक व्हावे.