पेन्शनीच्या मापाने मोजलेली नोकरी

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या एका अंगाला खडकी, दुसऱ्या अंगाला दिघी. खडकीत 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना, दिघीकडे डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था. या पट्ट्यातल्या अनेक घरांत ‘पोरगा चिकटला’ याहून मोठे कौतुक नाही. त्याच घरांतली मुले-मुली आता येरवडा, खराडीच्या आयटी कंपन्यांत जातात. पगार सांगितला की घरातून पहिला प्रश्न येतो : ‘पण पर्मनंट आहे ना?’

समाधानी आईवडिलांची मुले नोकरीत समाधानी असतात का? थोडा वाटा रक्ताचा असतो. मिनेसोटा विद्यापीठाचे रिचर्ड आर्वी यांनी 1989 मध्ये लहानपणीच ताटातूट झालेल्या 34 एकसारख्या जुळ्या जोड्या तपासल्या. माणसामाणसांच्या कामातील समाधानात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 30 टक्के त्यांनी आनुवंशिकतेच्या खात्यावर मांडला. उरलेला बराच मोठा हिस्सा नोकरीचा, परिस्थितीचा आणि घरातल्या बोलण्याचा.

समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन यांनी 1969 मध्ये दाखवले, की कामावर स्वतः निर्णय घेणारा बाप मुलाच्या स्वतंत्र विचाराला किंमत देतो. सतत कोणाच्या तरी नजरेखाली राबणारा आज्ञाधारकपणाला. म्हणजे पालकांच्या कामातून आलेली मूल्ये घरात उतरतात आणि मुलांच्या हाती येते ते समाधान मोजायचे माप.

आणि खडकीच्या घरांतले कायम नोकरी आणि पेन्शनचे मापच जुने झाले आहे. सैन्यदले वगळता केंद्राच्या नोकरीत 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. 1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. त्याआधी कामगार संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा सरकारने संपबंदीचा कायदा आणला.

या बदलांची धास्ती घरातली पोरेही ऐकत होती. कॅनडात ज्युलियन बार्लिंग आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये नोंदवले, की आईवडिलांची नोकरी डळमळीत वाटली की महाविद्यालयीन मुलांच्या कामाविषयीच्या धारणाही बदलतात. मूल ज्या पालकाला आपला मानते, त्याच्या बाबतीत परिणाम वेगळा दिसतो.

सुरक्षिततेचा हट्ट चूक नाही. कंत्राटी कामगाराच्या घरात तर तो शहाणपणाच ठरतो. चूक आहे ती एवढीच एक कसोटी लावण्यात. लेथवर अचूक माप साधल्याचा आनंद, सहकाऱ्यांची सोबत, साहेबाचा जाच यांतले घरी पोहोचते ते बहुधा शेवटचेच. मुलाला मग नोकरी म्हणजे सोसायची गोष्ट वाटते, आणि चांगल्या कामातही तो सुटीचे दिवस मोजतो.

दहावी-बारावीनंतरचा सल्ला देताना पालकांनी पगार आणि पेन्शनसोबत आपल्याला कामात काय आवडले आणि काय खुपले, हेही मोकळेपणाने सांगावे. मुलांनीही ते विचारून घ्यावे.