गाण्याची मोजणी कुणाच्या हातात?

मी हमाल. राहायला दापोडी, कामाला चाकण. सकाळी ठेकेदाराच्या टेम्पोनं जायचं, गोदामाच्या डॉकवर कंटेनर लागला की दार उघडायचं नि तो रिकामा होईस्तोवर खोकी उतरवायची. दहावी पास. कविता करतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचा हिशोब हमालाच्या डोक्यानं मांडलाय.

ओझं कसं उचलायचं ते पाठीला दोन दिवसांत कळलं. मोजणी कळायला दोन वर्षं गेली. माझ्या पाठीवरनं ३५० खोकी गेली नि मुकादमाच्या वहीत ३०० लिहिली, तर मजुरी ३०० ची. वही त्याची, पेन त्याचं, बेरीज त्याची. भांडायला गेलो तर म्हणतो, तुझ्याकडं काय पुरावा? पुरावा पाठ. पाठ कोण वाचतो?

आता गाण्याकडं या.

तीन वर्षांमागं मी जयंतीसाठी एक गाणं लिहिलं. आमच्या वस्तीतल्या पोरानं चाल लावली, दुसऱ्यानं गायलं. एक कंपनीवाला आला. एका खोलीत रेकॉर्डिंग झालं. स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत. मला ३,००० रुपये हातात दिले. मी खुश. आईला साडी घेतली. पुढच्या एप्रिलला गाणं फोनाफोनावर वाजायला लागलं. डॉकवर सोबतची पोरं ऐकत होती. मी बघितलं तर आकडा ४ लाखांवर गेलेला. आणि खाली लिहिलेलं : गीत – पारंपरिक.

माझं वय २६. मी पारंपरिक झालो.

दोस्तांनो, हसू नका. तुमच्या फोनात आता जी भीमगीतं आहेत ती उघडा आणि खाली बघा. गाणाऱ्याचं नाव सापडेल. लिहिणाऱ्याचं किती ठिकाणी सापडतं ते मोजा. मग माझ्याशी बोला.

वामनदादा कर्डक सिन्नरच्या देशवंडीचे. १९२२ चा जन्म, २००४ साली गेले. अक्षर ओळखसुद्धा मोठेपणी झाली त्या माणसाला, आणि हजारो गाणी लिहून गेला. गावोगाव फिरला. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असं नाव गुंफायचा, जुन्या संतांसारखं. आज त्या नाममुद्रेची किंमत कळते. कव्हरावरनं नाव उडेल, फोनातल्या चौकटीतनं उडेल, पण गाणं शेवटपर्यंत ऐकलं तर धनी सापडतो. आता पोरं रील करतात. रील पहिल्या कडव्यात संपतं. नाव शेवटच्या कडव्यात. वामनदादा तिथंच कापला जातो, आणि कापणारे आपलेच हात.

प्रल्हाद शिंदेही २००४ लाच गेले. ज्या गळ्यानं भीमगीतं गायली त्याच गळ्यानं पंढरीच्या वाटेचं गाणं गायलं. आजही आषाढीला देवळादेवळातल्या भोंग्यातनं तोच आवाज येतो. ज्या पायऱ्यांवर आपल्या बापजाद्यांना उभं करत नव्हते, तिथं आपला आवाज गाभाऱ्यापर्यंत जातो. आवाज चालतो यांना. मग त्या आवाजाचा हिशोब विचारायला आपण का लाजायचं?

आता यंत्र समजून घ्या. गाणं एकदा वाजलं की गायकाच्या खात्यात ठरलेले पैसे पडतात असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बहुतेक ठिकाणी महिन्याची सारी वर्गणी नि जाहिरातीचं उत्पन्न एका पेटीत जातं. कंपनी आपला वाटा काढते. उरलेलं, एकूण वाजण्यात कुणाच्या गाण्यांचा किती हिस्सा, त्या प्रमाणात वाटतात. तेही गायकाला थेट नाही, हक्काचा कागद ज्याच्याकडं त्याला. म्हणजे मुकादमाला. तुम्ही महिनाभर फक्त वामनदादा ऐकलात तरी तुमची वर्गणी त्याच गाण्यांना जाईल याची हमी नाही. ती पेटीत जाते, आणि पेटीतला मोठा वाटा ज्यांची गाणी कोटींनी वाजतात त्यांचा. आपली पोरं तर फुकटच ऐकतात. तिथं जाहिरातीतनं जे खरडून निघेल ते.

स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आली. २०२४ पासून तिचा नियम असा, की १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा पैसा नाही. त्याच्या वाट्याचं बाकीच्यांच्या पेटीत. ज्यानं थोडी पोती उचलली त्याची पोती मोजायचीच नाहीत. एखाद्या म्हाताऱ्या शाहिराचं गाणं वर्षात ९०० वेळा वाजलं, तर त्या ९०० वेळा कुणीच गायलं नाही असं धरायचं.

वेगळी वाटणी करता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. साउंडक्लाउडनं २०२१ साली स्वतंत्र कलाकारांसाठी दुसरी रीत सुरू केली. ऐकणारा ज्याला ऐकतो, त्याचा पैसा त्याला. करता येतं. करायची इच्छा लागते.

पण नुसती शिवी देऊन भागत नाही. या यंत्रानं एक दार उघडलंय हेही खरं. पूर्वी कॅसेट काढायची तर कंपनीच्या जिन्यावर बसून राहावं लागायचं. एकदाच ठोक पैसे, मग लाख कॅसेट खपू द्यात, तुझा काही संबंध नाही. आज दापोडीतलं पोरगं स्वतःचं गाणं स्वतःच्या नावावर जगात सोडू शकतं. दार उघडं आहे, पण उंबऱ्यावर नाव लिहावं लागतं, आणि तिथंच आपण चुकतो.

आता १९६९ साल बघा. त्या साली जुलैत अण्णाभाऊ साठे गेले. ‘फकिरा’ लिहिणारा, शासनाचा पुरस्कार घेतलेला माणूस दारिद्र्यात गेला. त्याच साली गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था निघाली. आणि त्याच साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो, आज या दुकानात, उद्या त्या. म्हणून अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातनं मंडळाची वाट निघाली. हमालाची नोंद, व्यापाऱ्याची नोंद, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं हमालाला द्यायची. मोजणी मुकादमाच्या वहीतनं काढून मंडळाच्या वहीत घातली. सारा कायदा एवढ्या एका गोष्टीवर उभा.

गाणंही तसंच आहे. त्यालाही एक मालक नाही. फोनात वाजतं, रेडिओवर वाजतं, लग्नात, मिरवणुकीत वाजतं. एकट्या कवीनं कुणाकुणाच्या मागं धावायचं?

१९७७ साली सुप्रीम कोर्टानं सिनेमाच्या गाण्यात निर्मात्याची बाजू उचलून धरली. २०१२ साली कायदा बदलला. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सही करूनसुद्धा सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा त्यांच्या हक्कसंस्थेला देता येतो. गायकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि २०१३ साली गायकांची वेगळी संस्था झाली. आणि त्याच कायद्याचं ५७ वं कलम वाचा. हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडंच राहतो. माणूस गेल्यावर वारस तो चालवू शकतात. थोडक्यात, गाणं विकता येतं, नाव विकता येत नाही. माझ्या त्या ३,००० रुपयांत माझं नाव नव्हतंच. ते चोरलेलं आहे.

लेखनाचा हक्क कवी गेल्यावर ६० वर्षं चालतो. अण्णाभाऊंचा २०२९ च्या शेवटी संपेल. वामनदादांचा २०६४ पर्यंत आहे. म्हणजे आज तुम्ही जे वाजवता त्यात कुणाच्या तरी घरचा वाटा आहे.

कायदा आहे म्हणून मिळतं असंही नाही. माथाडी कायदा होऊन पन्नास वर्षांवर झाली, आणि मी आजही नोंदीबाहेर ठेकेदाराचा माणूस आहे. कायदा कागदावर, ठेकेदार डॉकवर. मधलं अंतर संघटनेनंच कापायचं असतं.

काही मित्र म्हणतात, अरे, प्रचार झाला ना, बाबासाहेब घराघरात गेले ना, पैसे कसले मागतोस? त्यांना विचारतो : मंडप फुकट येतो? डीजे फुकट येतो? १४ एप्रिलला भिंतीएवढे स्पीकर लावायला वर्गणी निघते, आणि ज्याच्या गाण्यावर नाचतो त्याला शाल नि नारळ? भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरला. त्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन चळवळ उभी केली. पण त्यांनी उपास काढले म्हणून त्यांच्या नातवांनी पण काढायचे, हा कुठला धम्म? चळवळीचा कवी उपाशी मेला की आपण सभा घेतो. जिवंतपणी हिशोब मागितला की त्याला लोभी म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इंग्रजी स्टॅम्प पेपरवर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. लिहिणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी आपापल्या हक्कसंस्थेत नाव घाला, एकेकट्यानं जमत नसेल तर वस्तीतले दहाजण मिळून जा. गाणं फोनावर चढवताना गीत, संगीत, गायन ही तिन्ही नावं भरा. डीजेच्या वर्गणीतला हिस्सा जिवंत गायनपार्टीला द्या.

आणि एक वही करा. प्रत्येक वस्तीची एक. म्हाताऱ्यांकडं बसा. कुठलं गाणं कुणी लिहिलं, कुठल्या साली, कुणी पहिल्यांदा गायलं, ते विचारून लिहा. दापोडीची वही मी सुरू केली आहे. पहिल्याच रविवारी एका आजीनं ११ गाणी सांगितली, त्यातल्या ४ गाण्यांच्या कवींची नावं तिला आठवत होती. त्या ४ पैकी एकही नाव फोनात सापडलं नाही. आजी गेली की ती नावं गेली, आणि मग सगळं पारंपरिक.

यंदा २५ डिसेंबरला देहूरोडला जाल, एप्रिलला चौकात उभे राहाल, तेव्हा गाणं लावायच्या आधी माईक हातात घ्या आणि सांगा : हे गाणं अमक्यानं लिहिलं, तमक्यानं गायलं. नाव घेतलं की हिशोब सुरू होतो. वही आपली झाली की मोजणी आपली.

जयभीम.