मटकी सजीव की निर्जीव?

मागच्या वर्षी माझ्या मुलीने पहिलीच्या वहीत सजीवांच्या रकान्यात 'मोटारसायकल' लिहिली आणि निर्जीवांच्या रकान्यात 'मटकी'. दोन्हींवर लाल फुल्या पडल्या. तिला विचारले तर म्हणाली, "अब्बा, गाडी चालते, पेट्रोल पिते, धूर सोडते. मटकी तर डब्यात नुसती पडून असते."

मी शिकलेला इंजिनियर. तरी त्या संध्याकाळी मी तेच केले जे बहुतेक घरांत होते. "यादी पाठ कर," म्हणालो. पुढच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आठवड्याने सहज विचारले, मटकी सजीव कशावरून? ती म्हणाली, "यादीत आहे म्हणून." चूक तिची नव्हती, माझी होती, हे तेव्हा लक्षात आले.

तिचा पहिला विचार मुळीच वेडगळ नव्हता. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात मुलांशी बोलून हेच नोंदवले होते. जे हलते ते जिवंत, असे लहान मुलांना वाटते. मग सूर्य, ढग, सायकल सगळेच जिवंत ठरते. आणि जागचे न हलणारे झाड सजीव आहे, हे पटायला मुलांना बराच वेळ लागतो. म्हणजे माझी मुलगी पुराव्यावरूनच बोलत होती, फक्त तिच्याकडचा पुरावा अपुरा होता. अपुऱ्या पुराव्यावर उपाय म्हणजे जास्त पुरावा. लाल फुली हा पुरावा नव्हे.

मार्ग अम्मीने सुचवला. "भिजत घाल की मटकी, तिलाच बघू दे." आम्ही तीन ओली फडकी घेतली. एकात रात्रभर भिजवलेली मटकी, दुसऱ्यात उकडून गार केलेली मटकी, तिसऱ्यात तेवढेच बारीक खडे. पाणी तेच, फळीही तीच. दोन दिवसांत पहिल्या मटकीला मोड आले. खडे जसेच्या तसे राहिले. उकडलेली मटकी चिकट झाली, तिला वास सुटला. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही मटकी मेली?"

वहीत फक्त दोन रकाने होते. तिने तिसरा शोधून काढला. खडा कधीच जिवंत नव्हता, उकडलेली मटकी आधी जिवंत होती. निर्जीव आणि मृत यांत फरक आहे. आणि डब्यातली कोरडी मटकी? ती मेलेली नाही, थांबलेली आहे. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजवली, तेव्हा तिला कोंब फुटला. हे ऐकून मुलीने रमजानमधल्या खजुराच्या बिया जपून ठेवायला सुरुवात केली.

हा तिसरा रकाना आपल्या घरांत फार जवळचा आहे. बकरी ईदच्या दिवशी, चार दिवस पाला खाऊ घातलेल्या बकऱ्याबद्दल लहान मूल विचारते, "तो आता कुठे गेला? त्याला कळत होतं का?" आपण त्याला गप्प करतो किंवा खेळायला पिटाळतो. खरे तर जीव म्हणजे काय, हे त्या मुलाला त्या क्षणी पुस्तकापेक्षा जास्त कळलेले असते. त्याला खरे आणि शांतपणे उत्तर द्यायला हवे.

आता माझ्या धंद्याविषयी. आजच्या मुलांसमोर पियाजेंच्या काळी नव्हते असे एक कोडे आहे. फोन बोलतो, नाव घेतो, विनोद सांगतो. माझी मुलगी त्याला 'सॉरी' म्हणते आणि येता-जाता तुळशीची पाने ओरबाडते. हसू नका, मोठेही फसतात. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा साधा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारत असे. तरी त्याला आपले मन कळते, असे माणसांना वाटू लागले. असे प्रोग्राम लिहिणारा म्हणून सांगतो, बोलणे हा जिवंतपणाचा पुरावा नाही. मुलीला मी एवढेच दाखवले : तुझ्या गुडघ्याची जखम आपोआप भरली, फोनच्या काचेचा तडा अजून तसाच आहे.

तुमच्यापैकी अनेकजण धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतात, काहीजण शिकवण्या घेतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. यादी पाठ करून घेण्याआधी मुलाला 'कशावरून?' विचारा आणि त्यालाही तुम्हाला तेच विचारू द्या. आज मटकीबद्दल 'यादीत आहे म्हणून' हे उत्तर चालवून घेतले, तर उद्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या गोष्टीबद्दल 'मोठ्यांनी पाठवली म्हणून' हे उत्तरही चालवून घ्यावे लागेल. मूठभर मटकी आणि दोन दिवसांचा धीर, यापेक्षा जास्त खर्च नाही.