धनुष्याची मूठ

लांकडी धनुष्य करूं पाहणारा विद्यार्थी बहुधा आपलें सर्व लक्ष बाहूंच्या वांकावर व दोरीच्या ताणावर देतो. मूठ ही केवळ धरावयाची जागा. ती शेवटीं हाताच्या सोयीनें कोरली म्हणजे झालें, अशी त्याची समजूत असते. आमच्या मतें ही समजूत घातक आहे. मुठीचा निर्णय लांकडास पहिला घाव बसण्यापूर्वींच झाला पाहिजे; आणि तो आवडीवरून नव्हे, तर हातीं असलेल्या लांकडाच्या लांबी-जाडीवरून झाला पाहिजे.

मुठीचे मुख्य प्रकार दोन: एक, बाहूंबरोबर स्वतःही किंचित् वांकणारी, दुसरी, जाड, ताठ व मुळींच न वांकणारी. पहिलीचा दाखला इंग्लंडांत सांपडतो. सन १५४५ सालीं बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या लढाऊ जहाजाचा सांगाडा १९८२ सालीं वर काढण्यांत आला. त्या जहाजावरचीं यू वृक्षाच्या लांकडाचीं दीडशेंहून अधिक धनुष्यें मिळालीं आहेत. सहा-सात फूट लांबीच्या त्या धनुष्यांस वेगळी कोरलेली मूठ नाहीं. मधला भागही बाहूंचें काम करतो. दुसरीचा दाखला याहून कितीतरी जुना आहे. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथें १९४४ सालीं सांपडलेलें एल्मचें धनुष्य सुमारें ९ हजार वर्षांपूर्वींचें आहे. त्याचे बाहू रुंद व चपटे असून मूठ अरुंद व जाड आहे.

अरुंद मूठ ताठ कशी राहते, असें कोणी विचारील. याचें उत्तर गणितांत आहे. लांकडाची रुंदी दुप्पट केली, तर ताठरपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केली, तर तो आठपट होतो. शिवाय मूठ जितकी अरुंद, तितका बाण धनुष्याच्या मध्यरेषेजवळून जातो व नेम साधणें सोपें होतें.

मग ताठ मूठच सर्वांनीं कां करूं नये? कारण तिची किंमत द्यावी लागते. मुठीचे ४ इंच व दोन्ही अंगांच्या उताराचे दोन-दोन इंच, मिळून ८ इंच लांकूड वांकण्याच्या कामांतून बाद होतें. तो भार उरलेल्या बाहूंवर पडतो. म्हणून २८ इंच ओढीच्या धनुष्यास ताठ मूठ द्यावयाची, तर लांबी ६६ इंच तरी असावी, असें आम्ही सुचवितों. लांकूड याहून बरेंच आखूड असेल, अथवा बांबूच्या चिरफळीप्रमाणें पातळ असेल, तर मूठ वांकूं देणेंच शहाणपणाचें. हाताला थोडा अधिक धक्का बसेल. परंतु धनुष्य टिकेल.

पुरेसें लांब व जाड लांकूड मिळाल्यास नवशिक्यानें मात्र ताठ मूठच पत्करावी. ती हातांत स्थिर राहते, आणि दोन बाहू निरनिराळे दिसत असल्यामुळें त्यांचा वांक सारखा करणें सुलभ जातें. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळाव्या. जाड मुठीकडून पातळ बाहूकडे जाणारा उतार हळूहळू असावा. तो एकाएकीं तुटक केल्यास सर्व ताण त्याच जागीं एकवटतो व धनुष्य तेथेंच मोडतें. वरून डकविलेली मूठही, तिच्याखालचें लांकूड वांकूं लागतांच, सुटून येते. दुसरें, बाण टेंकण्यासाठीं मुठींत खोल खांच पाडण्याचा मोह आवरावा. चामड्याचा लहानसा तुकडा चिकटविल्यानें तेंच काम होतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें सुंदर मूठ कोरून आणली म्हणजे तिच्या नक्षीचें कौतुक करण्यापूर्वीं तो उतार बोट फिरवून पाहावा. ताणलेलें धनुष्य मोडतें तें मुलाच्या तोंडासमोर. मूठ शोभिवंत नसली तरी चालेल. तिनें लांकडाची शक्ति ओळखलेली असली पाहिजे.