ताटातला मसुरीचा दाणा

नातवाने दोन वर्षे साठवलेल्या खाऊच्या पैशांतून डिसेंबरात दुर्बीण घेतली. भिंगाचा व्यास 70 मिलिमीटर, नाभीय अंतर 700 मिलिमीटर. खोक्यावर रंगीत पट्ट्यांचा भव्य गुरू छापलेला आणि खाली ठळक अक्षरांत ‘525 पट’. पहिल्याच रात्री गच्चीवर त्याने दुर्बिणीला डोळा लावला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आजोबा, हा तर टाचणीच्या डोक्याएवढा आहे. मला फसवलं.” दुसऱ्या दिवशी दुर्बीण खोक्यात गेली आणि खोके माळ्यावर चढवण्याची भाषा सुरू झाली.

बँकेतील नोकरीत एक सवय अंगी मुरली आहे: तक्रार आली की आधी आकडे मांडायचे. नातवाला शेजारी बसवून तेच केले.

नाभीय अंतराला नेत्रिकेच्या अंतराने भागले की किती पट मोठे दिसते ते कळते. 25 मिलिमीटरची नेत्रिका 28 पट, 10 ची 70 पट. खोक्यातील 4 मिलिमीटरची नेत्रिका 175 पट आणि तिच्यामागे तिप्पट करणारे भिंग लावले की 525. हिशेब चुकलेला नाही, पण व्यवहारात तो फोल आहे. भिंगाच्या व्यासातील दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, म्हणजे आमच्या दुर्बिणीला 140, ही उपयोगी मर्यादा. त्यापुढे तपशील वाढत नाही, धूसरपणा तेवढा वाढतो. भांडवल तेच ठेवून वहीत उलाढाल फुगवावी, त्यातलाच हा प्रकार! आणि खोक्यावरचे चित्र तर अंतराळयानाने घेतलेले. नमुना एका गोणीतला, माल दुसऱ्या गोणीतला.

म्हणजे नातवाची तक्रार निम्मी खरी होती. उरलेल्या निम्म्यात मात्र चूक डोळ्यांची होती.

आकाशातील आकार अंश, कला, विकलांत मोजतात. चंद्राचा व्यास सुमारे 1800 विकला. जानेवारीत गुरूचा सुमारे 46. म्हणजे 40 पट मोठा केलेला गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो आणि 70 पट केलेला दीडपटीहून अधिक. “मग लहान का दिसतो?” त्याने विचारले. कारण दुर्बिणीत दिसणारे काळे वर्तुळ त्या बिंबाच्या जवळजवळ पन्नासपट रुंद असते. फूटभर व्यासाच्या ताटात मसुरीचा एक दाणा ठेवला, तर नजर आधी ताटाकडेच जाते.

पौष पौर्णिमेला, 3 जानेवारीला, गुरू चंद्राच्या शेजारीच होता. हात लांब करून करंगळीच्या नखाने चंद्र झाकून पाहा, असे मी नातवाला सांगितले. सगळा चंद्र नखाआड गेला, वर नखाची कड उरली. तो हात तसाच धरून काही वेळ गप्प उभा राहिला.

त्यानंतर तो पाहायला शिकला. दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर निवू द्यायची. पृथ्वी फिरत असल्याने ग्रह दोन-तीन मिनिटांत वर्तुळाबाहेर सरकतो, तेव्हा हलक्या हाताने माग धरायचा. हवा थरथरते तोवर वाट पाहायची; ती स्थिरावते त्या एक-दोन क्षणांत फिकट बिंबावर दोन करडे पट्टे उमटतात. बिंब पुरते गोल नाही, किंचित चपटे आहे, हे त्याने आपणहून सांगितले. दहा तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे मध्य फुगणारच. शेजारच्या चंद्रांचे ठिपके तो रोज वहीत काढतो आणि कालच्या पानाशी ताडून पाहतो. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओनेही हेच केले होते, तेही सुमारे 20 पटींच्या दुर्बिणीतून.

शनीने मात्र यंदा आम्हांला फारसे दिले नाही. मार्च 2025 मध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून पार झाली. अजून ती जवळजवळ धारेनेच आपल्याकडे वळलेली आहेत. दाण्यातून आरपार गेलेली सुई असावी, एवढेच दिसले. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास पूर्ण रुंदावतील. तेव्हा नातू सतरा वर्षांचा असेल. दुर्बीण सध्या जिन्याच्या वळणावर उभी आहे. खोके रद्दीत गेले.