विषाणू विंडोजपेक्षा वयाने मोठा

आमच्या वाचनालयातल्या चार जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट बसवले तेव्हा मीच सभासदांना छातीठोकपणे सांगत असे, "याला व्हायरस लागत नाही. अँटिव्हायरसचे पैसे वाचले." हे वाक्य आजही लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांच्या तोंडी आहे. त्यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेल्या अर्ध्याने माणसांचे नुकसान होते, हे मी माझ्या हाताने करून पाहिले आहे, म्हणून या समजुतीचे खंडन करणे माझ्याकडे लागते.

व्हायरस ही विंडोजची व्याधी आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी तारखा पाहाव्यात. 1982 साली रिच स्क्रेंटा या अमेरिकन शाळकरी मुलाने लिहिलेला 'एल्क क्लोनर' फ्लॉपीवरून पसरला तो ॲपल टू संगणकांवर. 1983 मध्ये फ्रेड कोहेन यांनी विषाणूचा प्रयोग करून दाखवला तो युनिक्स चालणाऱ्या व्हॅक्स यंत्रावर. विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली नोव्हेंबर 1985 मध्ये. त्यानंतरही 1988 चा मॉरिस वर्म युनिक्स यंत्रांवरच धावला आणि 2012 मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांहून अधिक मॅक गाठले. मी ज्या मिंटच्या जोरावर बोलत होतो, त्या मिंटचेच संकेतस्थळ फेब्रुवारी 2016 मध्ये फोडले गेले आणि मागचे दार ठेवलेली आयएसओ फाइल लोकांच्या माथी मारली गेली.

तरीही घरच्या लिनक्सवर विषाणू क्वचितच सापडतो, हे मी नाकारत नाही. त्याची कारणे साधी आहेत. बहुतेक सॉफ्टवेअर वितरणाच्या अधिकृत भांडारातून येते, पासवर्ड दिल्याशिवाय प्रणालीला हात लागत नाही आणि घरोघरी लिनक्स कमी असल्याने चोरांचे लक्ष तिकडे कमी. यातले तिसरे कारण आपल्या हातात नाही. दुसरेही तेवढेच टिकाऊ आहे, जेवढा पासवर्ड टाकताना आपण विचार करतो.

पण खरा प्रश्न माझे यंत्र आजारी पडते का, हा नाहीच. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी एका सभासदाने पेन ड्राइव्हवर लेख आणून दिले. ते एका झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेले होते. आमच्या संगणकावर पेन ड्राइव्ह उघडला तेव्हा प्रत्येक फोल्डरशेजारी त्याच नावाची, एक-दोन केबीची फाइल दिसत होती; शेवटी डॉट एलएनके. खाली कोपऱ्यात एक व्हीबीएस स्क्रिप्ट. विंडोजवर हाच पेन ड्राइव्ह लावला असता तर खरे फोल्डर लपलेले असते आणि फक्त शॉर्टकट दिसले असते. लिनक्स ते लपवणे मानत नाही, त्यामुळे मला सगळे दिसले, लेखही उघडले. मी निर्धास्त झालो. सगळा मजकूर जसाच्या तसा उचलला, आमच्या पेन ड्राइव्हवर टाकला आणि छापखान्यात नेऊन दिला.

तिथे विंडोज होते. ऑपरेटरने दोन सारख्या नावांपैकी एकावर डबल क्लिक केले. ते फोल्डर नव्हते. दोन दिवस त्या यंत्राला जो जो पेन ड्राइव्ह लागला, तो बाधित होऊन परत गेला: लग्नपत्रिकावाल्यांचा, शाळेच्या प्रश्नपत्रिकांचा. आमचा संगणक शेवटपर्यंत ठणठणीत होता. दोष ना त्याचा होता, ना ऑपरेटरचा. तपासण्याचे साधन मला फुकट मिळण्यासारखे होते आणि मी ते घेतले नव्हते.

हे कळले त्याच संध्याकाळी क्लॅमएव्ही हे उघड्या कोडचे, फुकट मिळणारे अँटिव्हायरस बसवले. तोच पेन ड्राइव्ह तपासला तेव्हा टर्मिनलवर एकामागून एक ओळी आल्या, प्रत्येकीच्या शेवटी एकच शब्द: 'फाउंड'. तो शब्द दोन दिवस आधी दिसला असता तर छापखान्याच्या मालकांसमोर मान खाली घालून उभे राहावे लागले नसते.

मग आक्षेप येतो तो ते फुकट असण्याचा. पैसे न घेता दिलेली वस्तू काय राखण करणार? आणि तिचा कोड उघडा, म्हणजे चोराच्याच हाती किल्ली. पण क्लॅमएव्ही हे कुणी सुटीत केलेले खेळणे नाही. पोलंडच्या तोमाश कोइम यांनी ते 2002 मध्ये आणले, 2007 मध्ये ते सोर्सफायर कंपनीकडे गेले, 2013 मध्ये सोर्सफायरच सिस्कोने घेतली आणि आज सिस्कोचा टॅलोस हा सुरक्षा विभाग ते सांभाळतो. जगभरातले मेल सर्व्हर वर्षानुवर्षे त्यातून टपाल गाळून घेतात. कोडचे म्हणाल, तर अँटिव्हायरस हा तुमच्या यंत्रातली प्रत्येक फाइल उघडून पाहणारा प्रोग्रॅम आहे. घरातली सगळी कपाटे ज्याच्यासाठी उघडायची, तो काय करतो हे कुणालाच पाहता येऊ नये, ही अट मला मान्य नाही.

उघड्या कोडमध्येही चुका असतात. फेब्रुवारी 2023 मध्ये क्लॅमएव्हीतच एक गंभीर चूक सापडली: मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीची मुद्दाम बिघडवलेली फाइल तपासताना हल्लेखोराला त्या यंत्रावर स्वतःचा कोड चालवण्याची वाट मिळू शकत होती. ती गुगलच्या एका संशोधकाने, म्हणजे बाहेरच्या माणसाने, शोधली. दुरुस्त आवृत्त्या निघाल्या आणि काय चुकले, कसे सुधारले हे ज्याला वाचायचे त्याला वाचता आले. चूक झाकण्यापेक्षा हा व्यवहार मला अधिक विश्वासाचा वाटतो.

मात्र क्लॅमएव्हीकडून नको ती अपेक्षा धरू नये. नवे विषाणू पकडण्यात काही सशुल्क अँटिव्हायरस त्याच्या पुढे आहेत. मॅकमध्ये 2009 पासून ॲपलचे स्वतःचे एक्सप्रोटेक्ट आहे. क्लॅमएव्ही त्याच्या जोडीला ठेवायचे, त्याच्या जागी नाही. सतत पहाऱ्यावर ठेवले तर ते एक जीबीहून अधिक मेमरी अडवते, म्हणून जुन्या यंत्रावर गरजेपुरतेच चालवावे. कधी ते निर्दोष फाइलवरही बोट ठेवते. मुद्दाम सांगितल्याशिवाय ते काही पुसत नाही, फक्त दाखवते, हे बरे आहे. कोणताही प्रोग्रॅम सगळे विषाणू बिनचूक ओळखू शकणार नाही, हे तर कोहेन यांनीच सिद्ध करून ठेवले आहे. एवढे जाणूनही मी म्हणतो की ते हवेच, कारण आपल्या फाइल आपल्यापाशी राहत नाहीत. त्या छापखान्यात जातात, सेवा केंद्रात जातात, मुलांच्या शाळेत जातात, आणि तिथे बहुधा विंडोज असते.

गावोगावी शाळांना, वाचनालयांना, शेजाऱ्यांना हौसेने लिनक्स बसवून देणारे पुष्कळ मित्र आहेत. त्यांना माझी विनंती आहे: निघण्यापूर्वी आणखी दहा मिनिटे थांबा. क्लॅमएव्ही बसवा, त्याची विषाणूंची यादी रोज आपोआप ताजी होते ना ते पाहा, आणि एक पेन ड्राइव्ह त्या घरच्या माणसाच्या हाताने तपासून घ्या.